कुटुंबासोबत थीम पार्कला जाताना: वेळ आणि पैसा वाचवणारा क्रम

बहुतेक घरांत थीम पार्कच्या सहलीचं नियोजन उलट्या टोकाकडून सुरू होतं. आधी स्वस्त विमान सापडतं, त्यावरून तारखा ठरतात, मग हॉटेल, मग तिकिटं. पार्कचं ॲप उघडलं जातं ते थेट फाटकापाशी. तिथे कळतं की ज्या राइडसाठी मुलं आली ती दुरुस्तीसाठी बंद आहे, किंवा धाकट्याची उंची चार बोटं कमी पडते. मग उरलेला दिवस सावरण्यासाठी जो मिळेल तो महागडा पास घेतला जातो.

सुरुवातीला पैसे वाचवायला घेतलेले निर्णय असे वेळ खातात, आणि गेलेला वेळ परत मिळवायला दुप्पट पैसे मोजावे लागतात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पहिले दोन पुरे झाल्याशिवाय एकही पैसा भरू नका.

१. मुलांची उंची मोजा आणि यादी करा

प्रत्येक मुलाला भिंतीला टेकवून, टाचा जमिनीवर ठेवून मोजा. सहलीत जे बूट घालणार आहात ते घालूनच मोजा, कारण पार्कातही बूट घालूनच मोजतात. राइडच्या दाराशी मोजपट्टीचा दांडा असतो. मूल ताठ उभं राहिलं की डोकं त्या खुणेला लागायला हवं. एखादा सेंटिमीटर कमी असेल तरी कर्मचारी सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सुरक्षा-पट्ट्याची रचना त्या उंचीला धरूनच केलेली असते. जाड तळव्याचे बूट किंवा बुटात कोंबलेला कागद असले उपाय अजिबात करू नका.

मर्यादा राइडगणिक बदलतात. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सेव्हन ड्वॉर्फ्स माइन ट्रेनला ९७ सेंटिमीटर चालतात, स्पेस माउंटनला ११२ लागतात आणि ट्रॉनला १२२. युनिव्हर्सल ऑर्लँडोत हॅग्रिडच्या मोटरसायकल कोस्टरला १२२, व्हेलोसिकोस्टरला १३० आणि हल्कला १३७. म्हणजे ११५ सेंटिमीटरच्या मुलाला एका पार्कात बरंच काही मिळेल आणि दुसऱ्या पार्कात तो बराच वेळ बाहेर थांबेल. कुठला पार्क निवडायचा हे अनेकदा या एका मापावर ठरतं. मूल मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर सहल सहा महिने पुढे ढकलणं हीच सर्वात मोठी बचत.

आता घरातल्या प्रत्येकाला विचारून यादी करा. तीन रकाने पुरेत: ‘हवीच’, ‘मिळाली तर’ आणि ‘नको’. ‘हवीच’मध्ये माणशी दोनपेक्षा जास्त राइड नकोत. चार माणसांच्या आठ राइड निघाल्या तर त्यांतल्या तीन-चार एकच असतील, म्हणजे दिवसाची खरी यादी चार-पाच राइडची. तेवढी नीट झाली की दिवस सार्थकी लागतो.

*तपासा: ‘हवीच’ रकान्यातली प्रत्येक राइड प्रत्येक मुलाच्या उंचीत बसते का? जिथे बसत नाही तिथे खूण करा. सातव्या टप्प्यात ती लागेल.*

२. तारीख ठरवा

तारखेपूर्वी पार्कच्या संकेतस्थळावर दुरुस्तीचं वेळापत्रक पाहा. मोठे पार्क गर्दी कमी असलेल्या महिन्यांतच राइड दुरुस्तीला काढतात. त्यामुळे तिकीट सर्वात स्वस्त असलेल्या आठवड्यात नेमकी तुमची राइड बंद असण्याची शक्यता जास्त. पाण्याच्या राइडचं हिवाळ्यात हमखास हेच होतं.

मग गर्दी पाहा. तुमच्या घरच्या सुट्ट्या इथे महत्त्वाच्या नाहीत. पार्क ज्या देशात आहे तिथल्या शाळांना सुट्टी कधी, लांब जोडसुट्टी कधी, हे पाहायचं. तारखेप्रमाणे तिकिटाचा दर बदलणाऱ्या पार्कांत गर्दीचा अंदाज फुकट मिळतो, कारण दरपत्रकच तो सांगतं. ज्या दिवशी तिकीट महाग त्या दिवशी पार्कलाच गर्दीची अपेक्षा आहे. साधारणपणे शनिवारपेक्षा मंगळवार-बुधवार बरे.

पार्क बंद होण्याची वेळही पाहाच. काही पार्क खासगी किंवा वेगळ्या तिकिटाच्या कार्यक्रमासाठी संध्याकाळी लवकर रिकामे केले जातात. तिकीट पूर्ण दिवसाचं, हाती पडतात तीन-चार तास कमी. उलट, असा दिवस लवकर संपतो म्हणून अनेक जण तो टाळतात आणि दिवसभर गर्दी कमी राहते. लहान मुलं असतील आणि रात्रीच्या आतषबाजीत तुम्हाला रस नसेल तर तो दिवस मुद्दाम निवडण्यासारखा.

३. तिकीट घ्या, पण आधी हे चार प्रश्न

पहिला: किती दिवस? अनेक दिवसांच्या तिकिटात पहिले दोन-तीन दिवस महाग असतात आणि पुढचा प्रत्येक दिवस स्वस्त होत जातो. म्हणून सरासरी पाहू नका. तिसऱ्या दिवसासाठी नेमके किती *जास्त* पैसे पडतात तो आकडा काढा. पुढच्या हिशेबात तोच लागतो.

दुसरा: मुलाचं वय? डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत आणि युनिव्हर्सल ऑर्लँडोत ३ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये ३ वर्षांचं मूलही फुकट जातं, तिकीट चौथ्या वर्षापासून. वय धरतात ते पार्कात जाण्याच्या दिवशीचं, तिकीट काढण्याच्या दिवशीचं नव्हे. वाढदिवस तोंडावर असेल तर चार दिवस इकडेतिकडे केल्याने एक तिकीट वाचतं.

तिसरा: एकाच दिवशी दोन पार्क बघण्याची सवलत हवी का? लहान मुलं असतील तर नको. एका पार्कातून दुसऱ्यात जाण्यात दिवसाचा सर्वात चांगला तास रस्त्यावर जातो.

चौथा: तिकीट विकणारा कोण? पार्क स्वतः किंवा पार्कने अधिकृत म्हणून जाहीर केलेला विक्रेता, एवढ्यांकडूनच घ्या.

*सावधान: ‘पाच दिवसांच्या तिकिटातले दोन दिवस उरलेत, स्वस्तात देतो’ असं कोणी सांगितलं तर तिकडे फिरकू नका. अशी तिकिटं दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत. वॉल्ट डिस्ने वर्ल्डसारख्या ठिकाणी दारात बोटाचा ठसा तिकिटाशी ताडून पाहतात. फाटकाशी अडवलं की पैसे गेले आणि सकाळही गेली.*

४. मुक्काम

लांबचं हॉटेल स्वस्त दिसतं. त्याच्या भाड्यात रोजचं पार्किंग, जाण्यायेण्याचं भाडं आणि वेळ मिळवा, मग तुलना करा. वेळ मोजताना हॉटेलच्या दारापासून पार्कच्या फाटकापर्यंतचा मोजा. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डमला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना पार्किंगनंतर आणखी मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते. नकाशावरची वीस मिनिटं प्रत्यक्षात तासाकडे झुकतात.

पार्कच्या स्वतःच्या हॉटेलांचे काही फायदे पैशांत मोजता येतात. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. युनिव्हर्सल ऑर्लँडोच्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या पाहुण्यांना तिथल्या दोन जुन्या पार्कांचा एक्स्प्रेस पास, म्हणजे रांग टाळणारा पास, खोलीबरोबरच मिळतो, आणि तो खोली घेण्याच्या व सोडण्याच्या दोन्ही दिवशी चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवसांचा पास. चौघांनी तो वेगळा विकत घ्यायचा तर किती पडेल ते पाहा. गर्दीच्या दिवसांत महागडी खोलीच स्वस्त पडू शकते. (प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावंच लागतं. नवं एपिक युनिव्हर्स पार्क यात धरलेलं नाही.)

बाकी रात्री लांबच्या साध्या हॉटेलात आणि मधली एक रात्र पार्कला लागून, अशी विभागणी मला सर्वात शहाणपणाची वाटते.

५. रांग टाळणाऱ्या पासाचा हिशेब

या टप्प्यावर लोक भावनेने निर्णय घेतात. कुणी ‘एवढे पैसे कशाला’ म्हणून घेतच नाही, कुणी घाबरून सगळ्या दिवसांचे घेऊन टाकतं. दोन्ही टाळता येतं, पण त्यासाठी रांग कशी वाढते ते समजून घ्यावं लागेल.

समजा, एक राइड तासाला १,२०० माणसं बसवते आणि सकाळी तासाला १,८०० माणसं तिच्या दाराशी येतात. दर तासाला ६०० माणसं उरतात. म्हणजे प्रत्येक तासागणिक रांग अर्ध्या तासाने वाढते. नऊला उघडलेल्या पार्कात बाराला पोहोचलात तर त्या राइडसमोर दीड तासाची रांग आधीच साचलेली असते.

आता यात पासवाले आले. समजा, १,२०० पैकी ८०० जागा त्यांना दिल्या जातात. साध्या रांगेला तासाला ४०० जागा उरल्या. तुमच्यापुढे ४०० माणसं दिसतात, वीस मिनिटांत नंबर लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात लागतो तासाने. म्हणून रांग किती *लांब* आहे हे डोळ्यांनी बघून ठरवू नका. दारावरच्या किंवा ॲपमधल्या मिनिटांवर विश्वास ठेवा.

आता हिशेब. ‘हवीच’ यादीतल्या पाच राइडना साध्या रांगेत सरासरी ७० मिनिटं आणि पासाने १५ मिनिटं लागत असतील, तर ५५ गुणिले ५, म्हणजे २७५ मिनिटं वाचतात. साडेचार तास, जवळजवळ अर्धा दिवस. कुटुंबाच्या पासांची एकूण किंमत एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला आणखी अर्ध्या दिवसाचा खर्च ठेवा: वाढीव दिवसाच्या तिकिटाचा तो जास्तीचा आकडा, खोलीचं भाडं आणि जेवण मिळून होणाऱ्या रकमेचा निम्मा भाग. जी बाजू हलकी ती घ्या.

यातून बहुतेकदा असं निघतं की एकाच दिवसासाठी, गर्दीच्या हंगामात आलेल्यांना पास परवडतो. तीन-चार दिवस राहणाऱ्यांना नाही, कारण त्यांना वाढीव दिवस स्वस्त पडतो आणि रोज सकाळचे कमी गर्दीचे दोन तास फुकट मिळतात.

काही पार्कांत पास आधी निवडावा लागतो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये लाइटनिंग लेनच्या, म्हणजे तिथल्या अशा पासाच्या, वेळा तिथल्या हॉटेलातल्या पाहुण्यांना ७ दिवस आधी आणि इतरांना ३ दिवस आधी निवडता येतात. ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये गजरासह टाका. लोकप्रिय राइडच्या सकाळच्या वेळा लवकर संपतात.

*तपासा: पास विकत घेण्यापूर्वी त्यात नेमक्या कोणत्या राइड आहेत ते वाचा. सर्वात नवी, सर्वात गर्दीची राइड पुष्कळदा वेगळ्या पैशांची असते.*

६. आदल्या रात्री

ॲप फोनवर घेऊन ठेवा, लॉगिन करा, सगळ्यांची तिकिटं त्यात जोडा, पैसे भरायचं कार्डही आधीच नोंदवा. फाटकाशी पासवर्ड आठवत बसणारं एक तरी कुटुंब रोज दिसतं.

बॅग एकच, आणि छोटी. त्यात रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, टोप्या, घडीचे रेनकोट, प्रत्येक मुलाचे जादा मोजे आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. पाण्याच्या राइडनंतर ओल्या मोज्यांनी चार तास चाललेल्या मुलाच्या पायाला फोड येतो, आणि फोड आला की दिवस संपला. कोरड्या मोज्यांचा एक जोड तेवढ्यासाठी.

खाण्याचे नियम आधी वाचा. डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी आणि मद्य चालत नाही. तिथल्या झटपट खाण्याच्या काउंटरवर मागितलं की पाण्याचा पेला फुकट मिळतो. टोकियो डिस्नेमध्ये घरचा डबा आत नेता येत नाही, बाहेरच्या जागेत बसून खावा लागतो. बाबागाडीही मोजा: डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत ती ७९ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा १३२ सेंटिमीटरपेक्षा लांब चालत नाही. सेल्फी स्टिकही तिथे चालत नाही.

*सावधान: सहा-सात वर्षांचं मूल एरवी बाबागाडीत बसत नसलं तरी पार्कात दिवसभराचं चालणं त्याला झेपेलच असं नाही. स्वतःची हलकी घडीची गाडी नेणं तिथे रोज भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त.*

७. सकाळचे पहिले दोन तास

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा टप्पा विसरू नका.

पार्क नऊला उघडणार असेल तर नऊला हॉटेलातून निघायचं नाही, सव्वाआठला फाटकाशी असायचं. बॅग तपासणीची रांग वेगळी, तिकिटाची वेगळी. बॅग नसलेल्यांची रांग असेल तर एकाने बॅग घेऊन वेगळं जावं आणि बाकीच्यांनी पुढे सरकावं.

आत शिरल्यावर चार चुका हमखास होतात. दाराशीच फोटो काढत थांबणं, पहिल्याच दुकानात शिरणं, नाश्त्याला बसणं आणि जी राइड सर्वात आधी दिसेल तिच्यात बसणं. या चारांत तास जातो. नाश्ता हॉटेलात करून या, नाहीतर रांगेत उभ्या उभ्या खा. फोटो आणि दुकान संध्याकाळीही तिथेच असतात.

सरळ ‘हवीच’ यादीतल्या सर्वात गर्दीच्या राइडकडे जा. ती बहुधा पार्कच्या टोकाला असते, म्हणून रस्ता आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवा. ती झाली की तिथून जवळची दुसरी, मग तिसरी. ताशी क्षमता कमी असलेल्या राइड आधी घ्या. लहान गाड्यांच्या, एका वेळी थोडीच माणसं बसवणाऱ्या, उडत्या हत्तीसारख्या राइड दिसायला साध्या असतात, पण रांग झपाट्याने वाढते. मोठ्या बोटीच्या राइड आणि थिएटरमधले खेळ शेकडो माणसं एका वेळी घेतात. त्यांना दुपार आहे.

उंचीत न बसणाऱ्या मुलासाठी अदलाबदलीची सोय मागा. डिस्नेत तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये दाराशी कर्मचाऱ्याला सगळं कुटुंब दाखवायचं. एक पालक रांगेत जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि पहिला परत आला की दुसऱ्याला लांब रांग न लावता आत सोडतात. युनिव्हर्सलमध्ये सगळे एकत्र रांगेतून जातात आणि राइडच्या तोंडाशी असलेल्या खोलीत एक पालक मुलासोबत बसतो. ही सोय फुकट आहे आणि मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून देत नाही. दारातच विचारा. राइड झाल्यावर विचारलं तर उपयोग नाही.

मुलं मोठी असतील तर एकट्यांची रांगही पाहा. तिथे रिकाम्या राहिलेल्या एकेका जागेवर माणसं बसवतात. सगळे वेगवेगळे बसाल, पण वेळ पुष्कळ वाचतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र एकट्याने त्या रांगेत घालू नये, आणि पुष्कळ ठिकाणी तशी परवानगीही नसते.

*तपासा: अकरा वाजता ‘हवीच’ यादीतल्या निदान तीन राइड झाल्या आहेत का? झाल्या असतील तर पास घेण्याचा विचार सोडून द्या. एकच झाली असेल तर पाचव्या टप्प्यातला हिशेब आत्ता पुन्हा करा, दुपारी तीनला नको.*

८. दुपार

जेवण अकराला किंवा अडीचला. बारा ते दोन या वेळात काउंटरची रांग एखाद्या राइडएवढी असते. ॲपवरून आधी मागवता येत असेल तर सकाळी रांगेत उभं असतानाच वेळ राखून ठेवा. लहान मुलांना प्रत्येकी वेगळं ताट मागवण्याआधी एक ताट घेऊन बघा.

हॉटेल अर्ध्या तासाच्या आत असेल तर दुपारी दीड-दोनला परत जा, तीन तास झोपा, पाचला परत या. ज्या वेळात रांगा सर्वात लांब आणि ऊन सर्वात कडक, त्या वेळात तुम्ही आत नसता. हॉटेल लांब असेल तर हेच तीन तास वातानुकूलित खेळांना द्या.

वीज-वादळाचा इशारा आला की उघड्यावरचे कोस्टर बंद होतात आणि लोक घाईने बाहेर पडतात. फ्लोरिडात उन्हाळ्यात हे जवळजवळ रोजचं आहे. तुम्ही रेनकोट घालून आतल्या राइडजवळ थांबा. कोस्टर पुन्हा सुरू होतात तेव्हा पहिली वीस मिनिटं रांग छोटी असते.

पैसे गळतात ते इथेच, थकलेल्या दुपारी. मुलांना सकाळीच खरेदीची ठरावीक रक्कम सांगा आणि खरेदी दिवसाच्या शेवटी एकदाच, असा नियम ठेवा. राइडवर काढलेले फोटो विकत घ्यायचे तर सुटे नकोत. दोनपेक्षा जास्त हवे असतील तर दिवसाच्या फोटो पासची किंमत विचारा.

९. संध्याकाळ आणि शेवटचा तास

मिरवणूक किंवा आतषबाजी सुरू झाली की हजारो माणसं एका जागी जमतात आणि राइड मोकळ्या होतात. मुलांना मिरवणूक एकदा दाखवा. तीच मिरवणूक दुसऱ्यांदा असेल तर त्या वेळात राइड घ्या.

बहुतेक मोठ्या पार्कांत बंद होण्याच्या क्षणाला जो रांगेत उभा आहे त्याला राइड मिळते. म्हणून ‘हवीच’ यादीतली राहिलेली राइड शेवटच्या दहा मिनिटांत रांगेत उभं राहून घ्या. तेव्हा दारावर दाखवलेली मिनिटं पुष्कळदा प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात. लहान मूल खांद्यावर झोपलेलं असेल तर एका पालकाने आधीच निघावं, दुसऱ्याने मोठ्या मुलाला घेऊन थांबावं.

बाहेर पडणारी गर्दी फाटकापाशी अर्धा तास अडकते. पंधरा-वीस मिनिटं आतल्या बाकावर बसा, मग निघा. खरेदी राहिली असेल तर ती याच वेळात करा. राइड बंद झाल्यावरही प्रवेशद्वाराजवळची दुकानं साधारणतः काही काळ उघडी असतात.

दुसरा दिवस असेल तर त्याच रात्री यादी काढा. झालेल्या राइड खोडा, बंद पडलेल्या वर आणा, उद्याचा रस्ता नकाशावर पाहा, फोन आणि पॉवर बँक चार्जिंगला लावा.